ताब्याचा वाद चालू असताना मूल परस्पर परदेशी नेले जाऊ नये म्हणून काय करावे: नागपूरच्या पालकांसाठी

नवरा-बायकोचे प्रकरण न्यायालयात गेले की पोटगी, घर, दागिने यांच्याआधी निकाली निघायला हवा तो मुलाच्या ताब्याचा प्रश्न, पण प्रत्यक्षात तोच सर्वांत जास्त रेंगाळतो. या मधल्या काळात दोघांपैकी एकाजवळ परदेशातली नोकरी, ग्रीन कार्ड किंवा आखातातला निवासी परवाना असेल, तर दुसऱ्याच्या मनात एकच धास्ती असते, की एके दिवशी मूल शाळेत पोहोचलेच नाही असा फोन येईल आणि तोवर विमान सुटलेले असेल. या धास्तीवर कागदोपत्री काय उपाय करता येतो, एवढ्याच गोष्टीचा येथे विचार केला आहे. वकील नेमावाच लागेल. परंतु वकिलाकडे जाताना कोणती कागदपत्रे न्यायची, आदेशात नेमके काय मागायचे आणि आदेश मिळाल्यावर तो कुठे कुठे पोहोचवायचा, हे पालकाला स्वतःला ठाऊक असले तर पुष्कळ दिवस वाचतात, आणि या कामात दिवसांनाच सर्वांत जास्त किंमत असते.

मूल गेल्यावर परत आणणे इतके अवघड का

एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलेले मूल परत मिळवण्यासाठी जगात जी मुख्य सोय आहे, ती म्हणजे २५ ऑक्टोबर १९८० चा हेग करार. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. सोळा वर्षांखालील मूल त्याच्या नेहमीच्या राहत्या देशातून दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून नेले गेले, किंवा सुट्टीसाठी नेऊन परत पाठवले गेले नाही, तर ताबा कोणाला द्यावा या वादात न शिरता मुलाला आधी त्याच्या देशात परत पाठवावे आणि ताब्याचा निर्णय तिथल्या न्यायालयाने करावा, असे त्या कराराचे सूत्र आहे. भारत या करारात नाही. विधी आयोगाने २००९ साली आपल्या २१८ व्या अहवालात सामील होण्याची शिफारस केली, २०१६ साली २६३ व्या अहवालात विधेयकाचा मसुदाही तपासून दिला, आणि न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने २०१८ मध्ये आपला अहवाल सादर केला. तरीही भारताने करारावर सही केलेली नाही. परदेशात मारहाण सोसून मुलांसह माहेरी परतलेल्या स्त्रियांना हा करार पुन्हा त्याच घराच्या दारात नेऊन उभा करील, हा त्यामागचा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. परंतु त्याचा परिणाम असा की नागपूरहून मूल अमेरिकेत, जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात गेले तर मागे राहिलेल्या पालकाला हेगचा दरवाजा बंद असतो, आणि दुबई, दोहा किंवा रियाधला गेले तर ते देशही कराराबाहेरच आहेत. प्रत्येक ठिकाणी तिथल्या न्यायालयात, तिथला वकील लावून, तिथल्या कायद्याने लढावे लागते.

दुसरी अडचण घरचीच आहे. मूल नेले तर पोलिसांत अपहरणाची तक्रार करू, असे पुष्कळ पालक धरून चालतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अमरावतीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की सक्षम न्यायालयाचा मनाई करणारा आदेश नसेल, तर वडिलांनी स्वतःच्या अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाला आईजवळून नेले म्हणून त्यांच्यावर अपहरणाचा गुन्हा लागू शकत नाही, कारण कायद्याने तेही नैसर्गिक पालक आहेत. तो निकाल भारतीय दंड संहितेच्या कलमांवर होता. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे आणि तिच्यात हा गुन्हा कलम १३७ मध्ये आहे. त्यातही गाभा तोच, कायदेशीर पालकाच्या ताब्यातून मूल नेणे. नेणारा स्वतःच कायदेशीर पालक असला की पोलीस ठाण्यात ‘हा तुमचा आपसातला मामला आहे, कोर्टातून ऑर्डर आणा’ असे ऐकावे लागते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते सहसा चूकही नसते.

म्हणून सगळा भर एका गोष्टीवर येतो: मूल जाण्याआधी हातात असलेला, नेमक्या शब्दांतला न्यायालयाचा आदेश, आणि तो ज्यांच्याकडे असायला हवा त्यांच्याकडे असणे.

धास्ती खरी की नुसता संशय

न्यायालय संशयावर मनाई देत नाही. ‘त्याचा भाऊ कॅनडात आहे, तो नेईलच’ एवढ्यावर अर्ज टिकत नाही, आणि टिकूही नये. कारण मुलाला आजी-आजोबांकडे, सहलीला किंवा स्पर्धेला परदेशी नेण्याचा प्रत्येक बेत पळवून नेण्याचा नसतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, वडिलांची संमती नाही म्हणून अडलेला एका शाळकरी मुलीचा पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. तिला अभ्यास सहलीसाठी जपानला जायचे होते, आणि आईवडिलांचा वाद प्रलंबित आहे एवढ्या कारणावरून तिचा प्रवासाचा हक्क हिरावता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. नुसते अडवण्यासाठी अडवणाऱ्या पालकाची बाजू पुढे ताब्याच्या मूळ प्रकरणातही कमकुवत होते, हे लक्षात ठेवावे.

खरी चिन्हे कागदावर उमटतात. शाळेतून अचानक शाळा सोडल्याचा दाखला मागितला जाणे. मुलाच्या जन्म दाखल्यावर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लावले जाणारे सरकारी प्रमाणन) करून घेण्याची धावपळ, जी देशातल्या कामासाठी कधीच लागत नाही. लसीकरणाच्या नोंदींची इंग्रजी प्रत डॉक्टरांकडून घेणे. मुलाचा पासपोर्ट मुदत शिल्लक असताना नव्याने काढणे किंवा हरवल्याची तक्रार देणे. नोकरीचा राजीनामा, फ्लॅटची विक्री, भाडेकरार मोडणे, बँकेतली मुदत ठेव मोडणे. मुलाच्या तोंडून नव्या शाळेचे किंवा नव्या घराचे नाव निघणे. यांतले एखादे चिन्ह म्हणजे काहीच नाही. तीन-चार एकत्र आली आणि त्याच सुमारास पूर्वी दिलेली ‘मूल तुला दिसणारही नाही’ अशी धमकी व्हॉट्सअॅपवर जपलेली असेल, तर अर्ज करण्यासारखी परिस्थिती आहे. संदेशांचे स्क्रीनशॉट घ्यावेतच, पण मूळ फोनही सांभाळून ठेवावा आणि संदेश पुसू नयेत. पुराव्याच्या वेळी इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते मूळ उपकरणावरून देणे सोपे जाते.

विदर्भातल्या पालकांनी दिनदर्शिकेकडेही पाहावे. उन्हामुळे आपल्याकडच्या शाळा जून संपता संपता उघडतात, म्हणजे मूल दोन महिने शाळेत दिसले नाही तरी कोणाला वावगे वाटत नाही. आणि नेमकी त्याच काळात न्यायालयांना उन्हाळी सुट्टी असते. सुट्टीतही तातडीच्या कामासाठी न्यायाधीश उपलब्ध असतात, परंतु नियमित न्यायालय चालू असताना एप्रिलच्या मध्यापर्यंत अर्ज दाखल झालेला असणे फार वेगळे. दिवाळीच्या सुट्टीचेही तेच. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी कळलेल्या गोष्टीवर सोमवार सकाळपर्यंत आदेश मिळवणे किती कठीण असते, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक.

अर्ज कुठे आणि काय मागायचे

मूल नेहमी नागपुरात राहत असेल, तर पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ प्रमाणे नागपूरला अधिकारक्षेत्र मिळते, आणि अशी प्रकरणे शहरात कौटुंबिक न्यायालयापुढे चालतात. हा कायदा सर्व धर्मांच्या पालकांना खुला आहे. घटस्फोटाची किंवा नांदण्याची याचिका आधीच प्रलंबित असेल, तर वेगळे प्रकरण न करता त्याच याचिकेत अंतरिम अर्ज देता येतो. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ आणि विशेष विवाह कायद्याचे कलम ३८ त्यासाठीच आहेत. घरात हिंसाचार असेल, तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ खाली न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. कोणता रस्ता धरायचा हे वकील ठरवतील. पालकाने एवढेच पाहावे की एकाच मागणीचे अर्ज दोन न्यायालयांत पडणार नाहीत, नाहीतर त्यातच महिना जातो.

मागणीच्या शब्दांवर मात्र स्वतः बसावे. ‘मुलाला परदेशी नेऊ नये’ एवढे वाक्य असलेला आदेश विमानतळावरच्या अधिकाऱ्याच्या काही कामाचा नसतो. मागणी साधारण अशी असावी: ‘प्रस्तुत अर्जाचा अंतिम निकाल लागेपर्यंत गैरअर्जदाराने अज्ञान मुलीला, या न्यायालयाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय, स्वतः किंवा अन्य कोणामार्फत भारताबाहेर नेऊ नये व नागपूर जिल्ह्याबाहेर तिचे वास्तव्य हलवू नये; तिचा पासपोर्ट सात दिवसांत न्यायालयात जमा करावा; तिच्या नावे नवा, दुबार किंवा अन्य देशाचा पासपोर्ट मागू नये; आणि या आदेशाची प्रत इमिग्रेशन ब्युरो व प्रादेशिक पासपोर्ट अधिकारी, नागपूर यांना पाठवून देशातील सर्व इमिग्रेशन तपासणी नाक्यांवर नोंद घेण्याचे निर्देश द्यावेत.’ ‘अन्य कोणामार्फत’ हे शब्द गाळू नयेत; मूल पुष्कळदा आईवडिलांबरोबर नव्हे, तर आत्या-मामाबरोबर जाते. ‘सर्व नाक्यांवर’ हेही तितकेच महत्त्वाचे. सोनेगावच्या विमानतळावरून आखाताकडे जाणाऱ्या विमानांची सर्वांनाच आठवण होते, पण ते एकच दार आहे. समृद्धी महामार्गाने मुंबई ७०१ किलोमीटर, म्हणजे एका दिवसाचा रस्ता. हैदराबाद त्याहूनही जवळ. आणि नेपाळला जाण्यासाठी तर भारतीय नागरिकाला पासपोर्टही लागत नाही, गोरखपूरला उतरून सोनौलीची सीमा ओलांडता येते. खुल्या सीमेवर नोंदीचा उपयोग मर्यादितच असतो. म्हणून नेपाळमार्गे जाण्याचा सुगावा लागला असेल, तर पासपोर्ट न्यायालयात असणे हीच खरी अडकाठी, कारण काठमांडूहून पुढे तिसऱ्या देशात जायला तो लागतोच.

मुलाचे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि आईवडिलांची नावे पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षरशः तशीच, अर्जात आणि आदेशात यावीत. आपल्याकडे मुलाचे घरचे नाव एक, जन्म दाखल्यावर दुसरे, मधल्या नावात वडिलांचे नाव कधी आहे कधी नाही, आणि ‘श्रावणी’चे इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे, ही नेहमीची गोष्ट आहे. लूक आऊट सर्क्युलरसाठी (एखादी व्यक्ती देशाबाहेर जाऊ लागली तर लक्ष ठेवावे म्हणून इमिग्रेशन नाक्यांना दिली जाणारी सूचना) लिंग आणि राष्ट्रीयत्व सोडून ओळखीचे किमान तीन तपशील लागतात, आणि संगणकात पासपोर्टवरच्या अक्षरांशी जुळणी होते. एक अंक चुकला तर आदेश असूनही नसल्यासारखा. आदेशाची प्रमाणित नक्कल हातात पडताच, बाररूममध्ये चहा घेण्याआधी, हा मजकूर पासपोर्टच्या छायाप्रतीशी ताडून पाहावा आणि चूक असल्यास त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज द्यावा. आदेश मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतरही लगेच करून प्रमाणित करून घ्यावे. दिल्लीतल्या कार्यालयात आणि परदेशी वकिलातीत तेच चालते.

तातडी असेल तर समोरच्याला नोटीस न काढता एकतर्फी अंतरिम मनाई मागता येते, पण तिथेच थांबू नये. दोन्ही बाजू ऐकून ती मनाई कायम करून घ्यावी. याचे कारण पुढे कळते: अमेरिकेच्या जवळपास सर्व राज्यांत लागू असलेल्या ताब्याच्या समान कायद्यानुसार परदेशी न्यायालयाचा आदेश तिथे नोंदवून अमलात आणता येतो, मात्र समोरच्या पालकाला नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी मिळालेली असावी लागते. समोरच्याला न ऐकता मिळालेला कागद तिथे तोकडा पडतो. उलट बाजूच्या, म्हणजे आपल्याविरुद्ध असा एकतर्फी अर्ज येईल अशी शंका असलेल्या पालकाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपल्याला कळवल्याशिवाय आदेश देऊ नये अशी आगाऊ सूचना, दाखल करून ठेवावे. ते ९० दिवस टिकते.

आदेश पोहोचवण्याचे काम

माझ्या मते बहुतेक पालक इथेच कमी पडतात. आदेश मिळाला की सुटकेचा निःश्वास टाकला जातो, नक्कल फाइलला लागते, आणि ज्याच्या टेबलावर ती असायला हवी तो अधिकारी तिच्याबद्दल अनभिज्ञ राहतो. न्यायालयाने प्रत पाठवण्याचे निर्देश दिले असले तरी आपण स्वतः वेगळी प्रत द्यावी आणि पोच घ्यावी.

लूक आऊट सर्क्युलर काढण्याची विनंती कोणीही सामान्य नागरिक थेट करू शकत नाही. गृह मंत्रालयाच्या सूचनांनुसार ती ठराविक दर्जाच्या अधिकाऱ्याकडूनच जावी लागते, जसे जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक. नागपूर शहरात पोलीस आयुक्तालयातले उपायुक्त त्या दर्जाचे. याच सूचनांमध्ये एक मेख आहे: दखलपात्र गुन्हा नोंदलेला नसेल, तर त्या व्यक्तीला देशाबाहेर जाण्यापासून अडवता येत नाही, ती आली-गेली एवढे कळवता येते. ताब्याचा वाद दिवाणी असल्याने पोलीस स्वतःहून केलेल्या विनंतीत याच मर्यादेत सापडतात. न्यायालयाने स्पष्ट मनाई केली असेल आणि इमिग्रेशन ब्युरोला थेट निर्देश दिले असतील, तर चित्र बदलते. म्हणूनच वर दिलेल्या मागणीतले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, आणि वकिलाने ते ‘नंतर बघू’ म्हणून सोडले तर आग्रह धरावा.

पासपोर्ट कार्यालयाचा भाग थोडा वेगळा. भारतात अज्ञान मुलाच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांची संमती परिशिष्ट ‘डी’ वर घेतली जाते. एकाची संमती नसेल तर अर्ज करणारा पालक परिशिष्ट ‘सी’ वर कारणे देऊन प्रतिज्ञापूर्वक निवेदन करू शकतो. म्हणजे संमती नाकारली की पासपोर्ट मिळणारच नाही, हा समज चुकीचा आहे. शिवाय अर्ज देशात कुठल्याही पासपोर्ट कार्यालयात करता येतो, त्यामुळे नागपूरच्या कार्यालयाला तोंडी सांगून काही होत नाही. लेखी हरकत द्यावी, तिच्यात प्रकरणाचा क्रमांक, मुलाचे तपशील, जुना पासपोर्ट क्रमांक आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडावी, आणि केंद्रीय प्रणालीत नोंद घेण्याची विनंती करावी. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६ प्रमाणे देश सोडण्यास मनाई करणारा न्यायालयाचा आदेश असेल तर पासपोर्ट नाकारता येतो आणि कलम १० प्रमाणे असलेला जप्त करता येतो. खोटी माहिती देऊन मिळवलेल्या पासपोर्टसाठी कलम १२ मध्ये शिक्षा आहे. आदेशाविना मात्र हे कार्यालय पालकांच्या भांडणात न्यायनिवाडा करत बसत नाही. मुलाचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तेवढ्या मुदतीचा असतो. मुदत संपण्याची तारीख डायरीत लिहून ठेवावी, कारण नूतनीकरणाच्या वेळी हालचाल होते.

शाळेत मुख्याध्यापकांना आदेशाची प्रत देऊन, दुसऱ्या पालकाच्या लेखी संमतीशिवाय दाखला देऊ नये व मुलाला ठराविक व्यक्तींशिवाय कोणाच्या हवाली करू नये, असे लेखी कळवावे. स्कूल व्हॅनच्या चालकालाही सांगावे. दाराशी मूल उतरवून घेणारा तोच असतो.

मूल परदेशी नागरिक असेल तर

अमेरिकेत जन्मलेले आणि आता नागपुरात आजोळी वाढणारे मूल, हा आता क्वचित आढळणारा प्रकार राहिलेला नाही. अशा मुलाचा भारतीय पासपोर्ट नसतोच, त्यामुळे इथल्या पासपोर्ट कार्यालयाची हरकत निरुपयोगी ठरते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मुलांच्या पासपोर्टबाबत पूर्वसूचना देणारी एक योजना आहे; अठरा वर्षांखालील अमेरिकी मुलाचे नाव तिच्यात नोंदवले, तर त्याच्या नावे पासपोर्टचा अर्ज आल्यास नोंदणी करणाऱ्या पालकाला कळवले जाते. भारतात राहूनही ही नोंदणी करता येते, आणि नागपूरकरांसाठी मुंबईचा अमेरिकी वाणिज्य दूतावास आहे. सोळा वर्षांखालील मुलाच्या अमेरिकी पासपोर्टला तिथेही दोन्ही पालकांची संमती लागते. पासपोर्ट न्यायालयाच्या नाझराकडे (जमा वस्तू सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जमा झाल्यावर तसे दूतावासाला लेखी कळवून ठेवावे, म्हणजे ‘हरवला’ असे सांगून दुसरा काढण्याची वाट बंद होते.

मूल सध्या तिकडेच असेल आणि भारतात आणून ठेवले जाण्याची धास्ती असेल, तर उपाय त्या देशात करावे लागतात. अमेरिकेत बाहेर जाताना इमिग्रेशनची तपासणीच नसते, म्हणून तिथल्या न्यायालयाचा आदेश आणि पासपोर्ट ताब्यात घेणे यांवरच मुख्य भिस्त राहते. ऑस्ट्रेलियात संघीय पोलीस मुलाचे नाव विमानतळाच्या नजरयादीत घालतात. ब्रिटनमध्ये मूल निघण्याच्या बेतात असेल तर पोलिसांमार्फत सर्व बंदरे व विमानतळांना इशारा देता येतो. भारतातल्या न्यायालयांनी परदेशी आदेशांना दिलेले वजन काळानुसार बदलत आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये परदेशी आदेश हा विचारात घेण्याच्या अनेक बाबींपैकी एक आहे, निर्णायक बाब मुलाचे हित आहे, असे सांगितले, आणि २०२२ मध्ये एका मुलाला त्याच हिताच्या कसोटीवर अमेरिकेत परत पाठवले. कोणत्याही पालकाने निकाल आपल्याच बाजूने लागेल असे गृहीत धरू नये.

परवानगी द्यायची तर कशी

प्रत्येक वेळी नाही म्हणणे शक्य नसते आणि योग्यही नसते. भावाचे लग्न न्यू जर्सीत आहे, मुलाने तीन आठवडे जावे, अशी मागणी न्यायालय सहसा मान्य करते. तेव्हा विरोधावर शक्ती घालवण्यापेक्षा अटींवर घालवावी. परतीचे निश्चित तिकीट, राहण्याचे पत्ते, दररोज किंवा एक दिवसाआड व्हिडिओ कॉलची वेळ, परतल्यावर ४८ तासांत पासपोर्ट पुन्हा जमा करणे, आणि जाणाऱ्याला टोचेल एवढ्या रकमेची सुरक्षा ठेव, तीही शक्यतो नागपुरात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या जामिनासह. हमीपत्रात दोन वाक्ये हवीतच: मुलाचे नेहमीचे राहते ठिकाण नागपूर आहे, आणि ताब्याबाबत अन्य कोणत्याही देशाच्या न्यायालयात प्रकरण दाखल करणार नाही. अमेरिकी राज्यांत मूल सलग सहा महिने राहिले की तिथले न्यायालय स्वतःला त्याच्या घरचे न्यायालय समजू लागते; म्हणून मुक्काम कितीही लांबला तरी त्या मर्यादेच्या जवळ जाऊ देऊ नये.

मुक्काम मोठा असेल तर ‘मिरर ऑर्डर’ मागावी, म्हणजे नागपूरच्या आदेशासारखाच आदेश मूल निघण्याआधी त्या देशाच्या न्यायालयातून मिळवणे. ही सावधगिरी उत्तम, पण ती कागदाच्या खरेपणावर उभी असते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केनियात राहणाऱ्या एका वडिलांना अशा आदेशाच्या अटीवर मुलाचा ताबा दिला; पुढे फसवणूक झाल्याचे दिसून आल्याने २०२१ मध्ये न्यायालयाला आपला निर्णय मागे घ्यावा लागला आणि सीबीआयला गुन्हा नोंदवण्यास सांगावे लागले. म्हणून मिरर ऑर्डरची खातरजमा समोरच्याने आणलेल्या प्रतीवरून न करता, त्या देशातल्या आपल्या वकिलाकडून करावी, मगच मूल सोडावे.

तरीही गेलेच तर

मूल निघाल्याचे कळले आणि विमान सुटायचे असेल, तर ११२ वर फोन करून आदेशाची प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात आणि विमानतळाच्या इमिग्रेशन कक्षात एकाच वेळी पोहोचवावी. घरातली दोन माणसे दोन दिशांना जावीत. मूल देशातच आहे पण पत्ता लागत नाही, असे असेल तर नागपूर खंडपीठात अनुच्छेद २२६ खाली हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश मागणारी, याचिका करता येते, आणि आदेश मोडून नेले असेल तर ती जास्त जोरदार होते. विमान सुटले असेल, तर त्याच दिवशी कौटुंबिक न्यायालयात मनाई हुकूम मोडल्याचा अर्ज द्यावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, त्यामुळे इथे फ्लॅट किंवा शेती असलेला माणूस वाटाघाटीला येतो. गुन्हा नोंदला गेल्यास सीबीआयमार्फत इंटरपोलची पिवळी नोटीस मागता येते. ती हरवलेल्या व्यक्तींसाठी असते आणि मूल कोणत्या देशात आहे हे कळायला मदत करते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार द्यावी, म्हणजे तिथल्या भारतीय दूतावासाकडे ती जाते. दूतावास मूल आणून देणार नाही, पण त्याची खुशाली विचारू शकतो आणि वकिलांची यादी देऊ शकतो. दोन्ही देशांत भांडत बसण्याऐवजी मध्यस्थी शक्य वाटत असेल, तर राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने अशाच प्रकरणांसाठी मध्यस्थीची सोय केलेली आहे.

त्या देशात वकील नेमताना पहिल्याच भेटीत तीन कागद हवेत: नागपूरच्या आदेशाची प्रमाणित इंग्रजी प्रत, समोरच्याला नोटीस बजावल्याचा पुरावा, आणि मूल नागपुरात राहत होते हे दाखवणाऱ्या शाळेच्या व दवाखान्याच्या नोंदी. लंडनचे उच्च न्यायालय हेगबाहेरच्या देशातून आलेल्या मुलाबाबतही आपल्या अंगभूत अधिकारात आदेश देऊ शकते, आणि अमेरिकी राज्य न्यायालयात नागपूरचा आदेश नोंदवता येतो, हे वर आलेच आहे. यात कोणाच्या सल्ल्याने मूल परत पळवून आणण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. अमेरिकेत पालकाने मूल देशाबाहेर नेणे १९९३ पासून संघीय गुन्हा आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एकदा तसा गुन्हा अंगावर आला की तिथल्या ताब्याच्या प्रकरणात तुमचे ऐकून घेणारे कोणी उरत नाही आणि व्हिसाही मिळत नाही. तिकडचे प्रकरण चालू असताना नागपूरचे प्रकरण मागे घेऊ नये, तारखा चुकवू नयेत, आणि समोरच्याने व्हिडिओ कॉल देऊ केला तर तो नाकारू नये. मुलाशी बोलण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केला आहे, आणि कॉल कधी झाला, कधी तोडला गेला याची तारीखवार नोंद पुढच्या प्रत्येक सुनावणीत लागते.